वेसची जागा

न्हाणीघरातला नळ पुन्हा जोरात सुटला, तेव्हा लिनो अंथरुणात उठून बसला. सकाळचे साडेसहा झाले होते. पाण्याच्या आवाजाआडून दुसरा आवाज येत होता, ओकारीचा. काल सकाळीही आला होता. काल लिनोने कूस बदलली होती आणि मागच्या खोलीत राहणाऱ्या वेसने बाहेर काहीतरी अरबटचरबट खाल्लं असेल, अशी स्वतःची समजूत घातली होती. आज ती समजूत पटेना. तो उठला आणि न्हाणीघराच्या दारापाशी जाऊन उभा राहिला.

दार उघडलं तेव्हा वेस एका हाताने चौकट धरून होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा पडलेला. "मासळी बाधली," तो म्हणाला.

"आईने रविवारनंतर मासळी केलेलीच नाही."

"मग दुसरं काहीतरी." तो लिनोला ओलांडून आपल्या खोलीत गेला आणि पलंगावर आडवा झाला. खोलीचे पडदे ओढलेले होते. बाहेर एप्रिलातलं मळकट ऊन होतं, तेही त्याला सोसत नव्हतं. लिनो दार लावून घेत होता तेवढ्यात आतून वेसचा आवाज आला. "लिनो, हे आपल्या दोघांत."

लिनो हो म्हणाला. हो म्हणायला काहीच लागत नाही.

मंगळवारी काय झालं होतं ते त्याने स्वतः पाहिलं होतं. सराव सामन्यात कॉर्नरचा चेंडू आला, वेस आणि गोलकीपर दोघेही उडाले, आणि गोलकीपरचा गुडघा वेसच्या कानशिलावर बसला. वेस चिखलात पालथा पडला. कुणी दहा अंक मोजावेत एवढा वेळ तो हलला नाही. मग हसत उठला, औषधांची बॅग घेऊन धावत येणाऱ्या क्लबाच्या नोरीनला हातानेच परत पाठवलं आणि उरलेली वीस मिनिटं खेळला. त्यात त्याने एकदा आपल्याच बॅकला, बचावातल्या गड्याला, पाय घातला. सगळे हसले. लिनोही हसला होता.

आज गुरुवार होता. शनिवारी दुपारी कनेटिकटच्या संघाशी हंगामाआधीचा शेवटचा सामना होता आणि त्याच संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर हंगामासाठी ठेवलेल्या खेळाडूंची यादी लागणार होती. ब्लॅकस्टोन क्लबाकडे फॉरवर्ड तिघे होते आणि जागा दोन. त्यांतली एक पक्की होती. दुसरीसाठी एका घरातले दोघे झगडत होते.

घर लिनोच्या आईचं. पॉटकेटमधल्या इतर घरांसारखंच, लाकडी, तीन मजली, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड. दुल्से फोंतेस दागिन्यांच्या कारखान्यात कानातले पुठ्ठ्यांवर लावण्याचं काम करायची. नवरा वारला, मुलगी लग्न होऊन ब्रॉकटनला गेली, तशी मागची खोली रिकामी झाली. क्लबाला बाहेरगावच्या खेळाडूंसाठी घरं हवी होती. जानेवारीत वेस्ली क्राउस दोन पिशव्या घेऊन आला. सेंट लुईसचा, सव्वीस वर्षांचा, याआधी दोन क्लबांतून काढलेला. पहिल्याच रविवारी त्याने काचुपाच्या, म्हणजे मका-घेवड्याच्या रश्श्याच्या, दोन थाळ्या चाटूनपुसून संपवल्या आणि दुल्सेला 'तिया' म्हणायला लागला. तिया म्हणजे मावशी. हा शब्द त्याला कुणी शिकवला ते कळलं नाही, पण दुल्से त्या दिवसापासून त्याचे मोजेही धुवायला लागली.

लिनो बावीस वर्षांचा होता. पायात वेग होता, गल्लीत शिकलेली चलाखी होती, पण मोठ्या मैदानावर तो हरवायचा. वेसने हिवाळाभर त्याला चर्चच्या तळघरातल्या सभागृहात नेलं. खुर्च्या मांडायचा, त्यांना बॅक म्हणायचा. "तू बॉलकडे बघत बसतोस," वेस म्हणायचा. "बॉल कुठे जातोय? बॅककडे बघ. त्याची मान तुझ्याकडून वळली की निघ." आपल्याच जागेसाठी झगडणाऱ्याला हे शिकवू नये, एवढं वेसला कळत नव्हतं असं नाही. एकदा लिनोने विचारलंही. वेस म्हणाला, एकट्याने सराव करायचा कंटाळा येतो.

गुरुवारी सरावाला सुट्टी होती. दुपारी दोघे स्वयंपाकघरात बसले होते. वेसने पेल्यात दूध ओतायला घेतलं, ते पेल्याच्या बाजूला, टेबलावर पडलं. वेस ओतत राहिला. लिनोने त्याचा हात धरला तेव्हा त्याने टेबलाकडे पाहिलं, आणि ओल्या फडक्याने पुसून घेतलं.

"नोरीनला दाखवू या," लिनो म्हणाला.

"दाखवलं की ती मला महिनाभर बसवणार. यादी परवा लागतेय." वेस फडकं पिळत होता. "मला तिसरा क्लब मिळाला हेच नशीब. चौथा मिळत नसतो, लिनो. घरी गेलो की सासऱ्याच्या रंगाच्या दुकानात डबे हलवायचे. कॅरल काही बोलणार नाही. ती काही बोलत नाही, तेच नको वाटतं."

कॅरल म्हणजे त्याची बायको. सेंट लुईसला आईवडिलांकडे होती, चौथा महिना लागला होता तिला.

मग वेसने खिशातून घडी केलेला कागद काढला. उद्या नोरीन सगळ्यांना तपासणार होती, आणि डोक्याला लागलेल्याला ती काय विचारते ते सगळ्यांना ठाऊक होतं. वार कुठला, गाव कुठलं, मागच्या सामन्यात किती गोल झाले. शेवटी शंभरातून सात-सात कमी करत उलटं मोजायला लावायची. बाकीचं वेसने लिहून काढलं होतं. ते मोजणं तेवढं जमत नव्हतं. त्र्याण्णवनंतर सगळं पुसलं जात होतं.

लिनोने नाही म्हणायला हवं होतं. पण समोर वेस बसला होता, आणि त्या खोलीतला दिवाही त्याने आल्याआल्या बंद केला होता, आणि तरी तो हसायचा प्रयत्न करत होता. लिनोने त्याच्याकडून पाठ करून घेतलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. प्रार्थनेसारखं, पुन्हा पुन्हा. दुल्से कामावरून आली तेव्हा ते अठ्ठावन्नपर्यंत पोचले होते. तिने विचारलं, काय चाललंय? वेस म्हणाला, "तिया, तुमच्या पोराला हिशेब शिकवतोय." ती हसली. लिनोला हसू आलं नाही.

शुक्रवारी नोरीन कीओने वेसला स्टुलावर बसवलं. नोरीन म्हणजे क्लबाची फिजिओ, चाळिशीची, एकटीने चोवीस जणांचे घोटे, गुडघे आणि गप्पा सांभाळणारी. बाहेर आणखी नऊ जण ताटकळत होते. तिने विचारलं, वेसने सांगितलं. तिने मोजायला सांगितलं, वेसने एका दमात एकावन्नपर्यंत मोजलं. नोरीनने त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि पुढच्याला हाक मारली. दारातून बाहेर पडताना वेसने लिनोचा दंड दाबला. दुपारच्या सरावात त्याने दोन गोल केले, दोन्ही सुंदर. लिनोने मनाशी म्हटलं, बघ, बरा झाला असेल. आपण उगाच घाबरलो.

शनिवारी लिनोने आईची जुनी गाडी काढली. मैदान घरापासून दहा मिनिटांवर. नदीवरच्या पुलावर गाडी चढली तेव्हा वेस म्हणाला, "आज कुठे खेळायचंय?"

"आपल्याच मैदानावर."

"बरं."

सिग्नलला गाडी थांबली. वेस काचेतून बाहेर बघत होता. "आज कुठे खेळायचंय रे?"

लिनोला वाटलं, चेष्टा करतोय. त्याने वळून पाहिलं. वेसचा चेहरा अगदी शांत होता, नुकतंच काही विचारलं असावं असं त्यावर काहीच नव्हतं. लिनोने पुन्हा उत्तर दिलं. मैदानाचं फाटक दिसायला लागलं, आणि वेसने तिसऱ्यांदा तेच विचारलं, त्याच आवाजात, त्याच सहजपणे.

लिनोने गाडी लावली. हात स्टिअरिंगवरून निघेनात. वेस आपली पिशवी घेऊन पुढे गेला. फाटकातून आत शिरून डावीकडे वळायचं, तिथे तो उजवीकडे वळला, मग कुणीतरी हाक मारली तेव्हा परत फिरला.

कपडे बदलायच्या खोलीत त्या दिवशी उतरणाऱ्यांची यादी वाचून दाखवली गेली. फॉरवर्डच्या जागी वेस क्राउस. लिनो राखीव. सगळ्यांनी वेसच्या पाठीवर थापा मारल्या. म्हणजे संध्याकाळच्या यादीतली जागा त्याला मिळाल्यातच जमा होती. लिनो एका बुटाची नाडी बांधत बसला, सोडली, पुन्हा बांधली. सामन्याला पंचवीस मिनिटं होती. आत्ता जाऊन सांगितलं तर काय दिसेल ते त्याला लख्ख दिसत होतं. यादीत नाव नाही म्हटल्यावर मित्राचं नाव खोडून घेतलं, असंच म्हणतील. काल बोलला असतास तर गोष्ट वेगळी होती, तो स्वतःला म्हणाला. परवा बोलला असतास तर आणखी वेगळी. आता गप्प बस. नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे.

समोर वेस टाचा आपटत बूट बसवत होता. पांढरा चेहरा, ओठांवर घाम. त्याला कुणीतरी पाण्याची बाटली फेकली. ती त्याच्या खांद्याजवळून गेली आणि त्याचा हात अर्ध्या क्षणानंतर वर आला.

लिनो उठला.

नोरीन बाहेरच्या बोळात चिकटपट्ट्या कापत होती. "वेसला खेळवू नका," तो म्हणाला.

कात्री थांबली. "का?"

त्याने सगळं सांगितलं. उलट्या, पडदे, दूध, गाडीतला प्रश्न. शेवटी मोजणीचंही सांगितलं, की ती मीच पाठ करून घेतली.

नोरीनने कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "त्याच्या जागी कोण उतरणार ते कळतंय ना तुला?"

"कळतंय. दुसऱ्या कुणालाही उतरवा. मी खेळत नाही."

मागून कोच आले होते. आर्तुर रापोझो, फॉल रिव्हरचे, बोलायला तिखट. त्यांनी शेवटचं ऐकलं. "दुसरा कोण? तुझी आई?" ते म्हणाले. "माझ्याकडे तीन फॉरवर्ड आहेत पोरा, तीस नाहीत." मग नोरीनकडे वळून म्हणाले, जे काय बघायचंय ते आत्ता बघ.

नोरीन आत गेली आणि सगळ्यांदेखत वेसच्या समोर उकिडवी बसली. "वेस, शंभरातून उलटं मोज," ती म्हणाली. "आठ-आठने."

"त्र्याण्णव," वेस म्हणाला. "शहाऐंशी. एकोणऐंशी."

नोरीनने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. वेसने आधी तिच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या लिनोकडे. त्या नजरेत राग नव्हता. आपण कुठे चुकलो ते शोधत असल्यासारखा तो बघत होता. ते त्याला समजायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ लिनोला तिथे उभं राहावं लागलं.

त्या सामन्यात लिनो फार वाईट खेळला. तीनशे-चारशे माणसं आली होती, त्यांतली निम्मी त्याच्या गल्लीतली. पूर्वार्धात समोर रिकामी गोलची जाळी असताना त्याने चेंडू बाहेर मारला. कठड्यावरून क्रिओलमध्ये, त्यांच्या घरच्या भाषेत, कुणीतरी त्याला ओरडून विचारलं, बूट घरी विसरलास का? संघातले लोक त्याला पास देईनात. दोनदा तो मोकळा होता, दोनदा चेंडू दुसरीकडे गेला. कर्णधार गस कोवाल त्याच्याजवळून धावताना फक्त एवढंच म्हणाला, "मिळाली ना जागा? आता पळ."

सामना संपायला दहा मिनिटं असताना कोणाचा तरी फटका बॅकला लागून उडाला, लिनोच्या नडगीवर आदळला आणि आत गेला. त्याने तो मारलाही नव्हता. हंगामाआधीच्या सामन्यांतले गोल कुठल्याही वहीत लिहीत नाहीत. तो मधल्या रेषेकडे चालत गेला. त्याच्याकडे कुणी धावत आलं नाही. संध्याकाळी दारावरच्या यादीत त्याचं नाव होतं.

वेसला इस्पितळात नेलं होतं. यंत्रावर डोक्याच्या आतली चित्रं काढली आणि ती स्वच्छ निघाली. रक्तस्राव नाही, तडा नाही. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे विश्रांती, धावायचं नाही, डोकं आपटायचं नाही. लिनो रविवारभर स्वतःशी वाद घालत राहिला. काही निघालं असतं तर बरं झालं असतं, असा विचार त्याच्या मनात आला आणि आला तसा त्याला स्वतःची शरम वाटली.

क्लब सहा आठवडे थांबणार नव्हता. सोमवारी सकाळी वेसने दोन्ही पिशव्या खाली आणून ठेवल्या. दुल्सेने त्याच्यासाठी भात आणि लिंग्विसा सॉसेजचा डबा बांधला होता. तिला कुणी काही नीट सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलंही नव्हतं. तिने वेसचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळ टेकवलं आणि कामाला उशीर होतो म्हणत निघून गेली. जिन्यावर दोघेच उरले.

"चित्रं स्वच्छ आली," वेस म्हणाला.

"माहीत आहे."

"म्हणजे मी खेळलो असतो."

"तू गाडीत तीनदा विचारलंस, कुठे खेळायचंय."

"चौथ्यांदा नसतं विचारलं."

वेसने पिशवी खांद्यावर घेतली. उजेड डोळ्यांना लागत होता म्हणून त्याने टोपी पुढे ओढली होती, त्यामुळे त्याचे डोळे दिसत नव्हते. "तू जागेसाठी केलं नाहीस, एवढं मला कळतं," तो म्हणाला. "आणि तरी ती तुलाच मिळाली. आता यातलं मी काय धरू आणि काय सोडू, सांग."

टॅक्सी आली. लिनोने दुसरी पिशवी उचलायला हात पुढे केला. वेसने ती स्वतःच उचलली.

हंगाम सुरू झाला. लिनोचं नाव 'नर्सबाई' पडलं. तो कपडे बदलायच्या खोलीत शिरला की कुणीतरी म्हणायचं, नर्सबाई आल्या, झाका रे सगळं. आणि खरोखरच झाकायचे. दुखरा गुडघा, सुजलेला घोटा, फुटलेलं नख, त्याच्यासमोर कुणी मोजा काढत नसे. लांबच्या सामन्यांना बसने जायचे, चौदा-चौदा तास. त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची. त्याने दोनदा वेसला फोन लावला. पहिल्यांदा कॅरलने उचलला आणि वेस झोपला आहे म्हणाली. दुपारचे चार वाजले होते. दुसऱ्यांदा कुणी उचललाच नाही. त्याने पत्र लिहायला घेतलं, पण पहिल्या ओळीपुढे त्याला लिहिता येईना. माफी मागावी तर केलेलं चूक होतं असं तो मानत नव्हता. न मागावी तर लिहायचं तरी काय?

तो खेळत राहिला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून. पास मिळत नव्हते, तेव्हा दुसऱ्यांनी सोडलेल्या चेंडूंमागे धावायला लागला. मेच्या शेवटी पहिला खरा गोल झाला, जूनमध्ये तीन झाले. वर्तमानपत्रात आतल्या पानावर त्याचं नाव छापून आलं, आडनाव चुकीचं. दुल्सेने ते कात्रण शीतकपाटावर लावलं आणि पेनाने आडनाव दुरुस्त केलं.

ऑगस्टमध्ये, व्हर्जिनियातल्या एका गावात, मध्यंतराला लिनो हातपाय धुवायला गेला तेव्हा गस कोवाल तिथे भिंतीला टेकून उभा होता. गस तेहतीस वर्षांचा, सेंट्रल फॉल्सचा, दोन मुलांचा बाप. नर्सबाई हे नाव त्यानेच ठेवलं होतं. त्याच्या भुवईवर ओली पट्टी होती. पूर्वार्धात त्याचं डोकं एका फॉरवर्डच्या डोक्यावर आदळलं होतं. लिनोने ते पाहिलं होतं आणि नजर दुसरीकडे वळवली होती.

"फोंतेस," गस म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याने आडनावाने हाक मारली होती. "मला दोन-दोन दिसतंय."

लिनो थांबला.

"मी आपण होऊन जाऊन सांगू शकत नाही. पंधरा वर्षं खेळतोय, कधी स्वतःहून बाहेर बसलो नाही. जीभच वळत नाही." गस खाली फरशीकडे बघत बोलत होता. "तू जाऊन सांग. तुझं नाव तसंही गेलेलंच आहे."

लिनोला एकदम राग आला. एवढे महिने जे साठलं होतं ते सगळं ओठांवर आलं. याला सांगावं, तुझ्या तोंडाने सांग. याला सांगावं, खेळ असाच आणि मर. त्याने नळ बंद केला, हात पुसले, पुन्हा पुसले.

"मी एकटा जाणार नाही," तो म्हणाला. "तू बरोबर चल. बोलतो मी. पण तू शेजारी उभा राहा, सगळ्यांना दिसेल असा."

गसने भुवईवरची पट्टी दाबून बसवली. मग म्हणाला, "चल."

दोघे बोळातून गेले. खोलीत सगळे बसले होते. लिनोने नोरीनला सांगितलं, गसला दोन-दोन दिसतंय. गस त्याच्या शेजारी उभा होता, मान ताठ, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसा. नोरीनने गसला हाताला धरून बाकावर बसवलं. उत्तरार्धात ते दोन गोलांनी हरले. परतीच्या बसमध्ये गस उठला, मधल्या वाटेने धरत धरत आला आणि लिनोच्या शेजारी बसला. गस लगेच झोपी गेला आणि त्याचं जड डोकं लिनोच्या खांद्यावर पडलं. डेलावेअर राज्य ओलांडेपर्यंत लिनोने खांदा हलवला नाही.

त्यानंतर त्याला नर्सबाई कुणी म्हटलं नाही असं नाही. म्हणत, पण हाक मारल्यासारखं म्हणत, आणि कधीतरी कुणी मोजा काढून पाय पुढे करी.

लिनो आठ हंगाम खेळला, तीन क्लबांत. मोठ्या संघाने एकदा बोलावलं, अकरा दिवस ठेवलं, परत पाठवलं. एकूण त्रेपन्न गोल. मग गुडघा गेला. आता तो पॉटकेटच्या पाणीपुरवठा खात्यात आहे. मीटर बघायला घरोघर जातो, तेव्हा म्हातारी माणसं कधीकधी त्याला ओळखतात आणि चुकवलेल्या गोलांची आठवण काढतात. तोही हसून त्यांच्यात सामील होतो. वेसबद्दल तो बोलत नाही. बोलायचंच झालं तर चौथ्या हंगामातल्या एका दुपारबद्दल बोलतो, तेही बायकोशी, एकदाच.

चौथ्या हंगामात त्यांचा एक सामना सेंट लुईसला होता. आदल्या दिवशी तिथे पोचल्यावर लिनोने रंगाच्या दुकानाचा नंबर शोधून काढला. फोन एका म्हाताऱ्याने उचलला. वेस माल पोचवायला गेला होता. लिनोने एवढंच सांगितलं, की उद्या दुपारी दोनचा सामना आहे, क्राउसच्या नावाने तीन तिकिटं खिडकीवर ठेवतो. म्हाताऱ्याने नाव विचारलं. लिनोने सांगितलं. म्हाताऱ्याने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग म्हातारा म्हणाला, निरोप देतो.

सामन्याआधी शरीर गरम करताना लिनो त्या तीन खुर्च्यांकडे बघत होता. अकरावी रांग, कोपऱ्याच्या निशाणाजवळ. त्या रिकाम्या होत्या. पूर्वार्धात त्याने पाच वेळा तरी तिकडे पाहिलं आणि दोनदा चेंडू गमावला. मग रापोझोंनी बाहेरून अशी शिवी हासडली की त्याने बघणं सोडलं. उत्तरार्धात बघायला सवडच मिळाली नाही. त्याने एक गोल केला. दूरच्या खांबाजवळ, बॅकची मान वळली त्या क्षणी निघून, अगदी साधा गोल. तो झाल्यावर त्याने वळून पाहिलं, तर ऊन डोळ्यांवर येत होतं आणि त्या बाजूची माणसं नुसती काळी दिसत होती.

सामना संपल्यावर अंगावरचा शर्ट न बदलता तो तिकिटाच्या खिडकीवर गेला. आतला माणूस गल्ला बंद करत होता. लिनोने विचारलं, क्राउसच्या नावाचं पाकीट कुणी नेलं का?

"नेलं की," तो म्हणाला. "मध्यंतराच्या जरा आधी. एक बाई होत्या. बरोबर मुलगी, असेल अडीच-तीन वर्षांची."

"आणि माणूस?"

"माणूस नव्हता. तिसरं तिकीट त्यांनी परत दिलं." त्याने ड्रॉवर लावला. "विचारत होत्या, पॉटकेटवाल्यांत फोंतेस कोणता. मी म्हटलं, बाई, मला काय माहीत. मग त्यांनीच कार्यक्रमपत्रिकेत शोधलं."

"काही म्हणाल्या?"

माणसाने आठवून पाहिलं. "नाही बुवा. संपायच्या थोडं आधी गेल्या. मुलीला कडेवर घेतलं होतं, झोप आली असेल तिला."

लिनो पायऱ्या चढून अकराव्या रांगेत गेला. मैदान रिकामं होत आलं होतं, खाली दोन माणसं जाळ्या सोडत होती. तीन खुर्च्यांतली एक मिटलेली होती. उरलेल्या दोन खाली पाडलेल्या होत्या, त्यांच्या पुढ्यात जमिनीवर शेंगांची टरफलं होती. एका खुर्चीपुढे ती चहूकडे उधळलेली होती. दुसरीपुढे त्यांचा नीट, छोटासा ढीग केलेला होता. बूट काढून हातात घेऊन तो मिटलेल्या तिसऱ्या खुर्चीशी जरा वेळ उभा राहिला. मग बस सुटायची हाक आली.